कॉइलच्या जोडीला चुंबक : रेषीय अ‍ॅक्च्युएटरविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरात साध्या सोलेनॉइडचे काम कसे चालते ते पाहिले होते. कॉइलमधून विद्युतप्रवाह गेला की लोखंडी चौकट आणि सरकता प्लंजर यांच्यामधली हवेची फट मिटवण्याकडे यंत्रणेचा कल असतो, कारण फट मिटली की चुंबकीय वाटेतला रिलक्टन्स, म्हणजे फ्लक्सला (चुंबकीय रेषांच्या ओघाला) होणारा अडथळा, कमी होतो. त्या उत्तराच्या शेवटी अशा रिलक्टन्स यंत्रणेत कायम चुंबक बसवून तयार होणाऱ्या हायब्रिड अ‍ॅक्च्युएटरचा (अ‍ॅक्च्युएटर म्हणजे विजेवर एखादा भाग ढकलणारी किंवा ओढणारी यंत्रणा) ओझरता उल्लेख आला होता आणि त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रे आली. बहुतेक पत्रांमागे एकच समजूत दिसली, ती म्हणजे चुंबक कॉइलच्या बलात आपल्या बलाची भर घालतो. या समजुतीतून आराखडे बिघडतात, म्हणून तिला उत्तर देणारा प्रश्न आधी घेतला आहे आणि त्यावर अधिक जागा खर्च केली आहे.

प्रश्न : मी विद्युत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. तेवढ्याच कॉइलला चुंबकाची जोड दिली की बल आठपट होते असे मी वाचले. हे खरे आहे का, आणि खरे असेल तर ही जादा ऊर्जा येते कोठून? (सांगली)

उत्तर : आठपट हा आकडा गणिताने काढता येतो, परंतु ज्या दोन गोष्टींची तुलना करून तो निघतो त्या तुलना करण्याजोग्या नाहीत. आपण एक छोटे उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू.

चुंबकीय आकर्षणाचा पाया असा आहे की फटीतील फ्लक्स घनता, म्हणजे दर क्षेत्रफळामागचा फ्लक्स, १ टेस्ला असेल तर पोलफेसच्या (फटीकडे तोंड असलेल्या लोखंडी पृष्ठभागाच्या) दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४० न्यूटन, म्हणजे साधारण ४ किलो वजनाइतकी ओढ मिळते आणि ही ओढ फ्लक्स घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. (कारखान्यातल्या ६ बार दाबाच्या हवेच्या लाइनशी बरोबरी करायला सुमारे १.२३ टेस्ला लागतात. लोखंडाच्या संपृक्ततेमुळे, म्हणजे एका मर्यादेपलीकडे ते अधिक फ्लक्स सहज घेत नसल्याने, याच्या फार पुढे जाता येत नाही, त्यामुळे शंभर-दीडशे बारच्या हायड्रॉलिक सिलिंडरशी चुंबकीय अ‍ॅक्च्युएटरची स्पर्धा लावूच नये.) आता दोन पोलांच्या मधोमध एक लोखंडी आर्मेचर, म्हणजे सरकणारा भाग, ठेवले आहे, दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर फट आहे आणि प्रत्येक पोलफेस २ चौरस सेंटिमीटरचा आहे असे समजू. चुंबकाचा फ्लक्स आर्मेचरमध्ये शिरून डावीकडे व उजवीकडे सारखा वाटला जातो आणि दोन्ही फटींत ०.६ टेस्ला देतो. ओढ दोन्हीकडे सारखी व परस्परविरुद्ध असल्याने निव्वळ बल शून्य राहते. कॉइलचा फ्लक्स मात्र एका पोलातून निघून दोन्ही फटी एकाच दिशेने ओलांडतो, त्यामुळे एका फटीत तो चुंबकाच्या फ्लक्समध्ये मिळतो आणि दुसऱ्या फटीत त्यातून वजा होतो. कॉइलचा वाटा ०.३ टेस्ला असेल तर एका बाजूला ०.९ आणि दुसऱ्या बाजूला ०.३ टेस्ला होतात. ओढ अनुक्रमे ६४.५ आणि ७.२ न्यूटन, म्हणजे निव्वळ बल सुमारे ५७ न्यूटन.

चुंबक नसता तर कॉइलच्या ०.३ टेस्लाने एका फटीत फक्त ७.२ न्यूटन दिले असते, आणि ५७ भागिले ७.२ म्हणजे आठ. आपण वाचलेला आकडा या वाटेने येतो. परंतु येथे कॉइलला दोन फटी ओलांडायला लावल्या आहेत आणि त्यासाठी सुमारे २४० अँपिअर-टर्न (प्रवाह गुणिले वेढे) खर्च झाले आहेत. साध्या सोलेनॉइडमध्ये एकच फट ठेवता येते, तेवढेच अँपिअर-टर्न तिच्यात ०.६ टेस्ला निर्माण करतात आणि बल २८.६ न्यूटन मिळते. म्हणजे न्याय्य तुलनेत लाभ दुप्पट आहे.

तरीही हायब्रिड रचनेचे खरे मोल या दुपटीत नाही. प्रवाह एक दशांश केला की साध्या सोलेनॉइडचे बल शंभराव्या भागावर, म्हणजे ०.२९ न्यूटनवर येते, कारण ते प्रवाहाच्या वर्गाने बदलते. हायब्रिडचे बल मात्र दहाव्या भागावरच, म्हणजे ५.७ न्यूटनवर थांबते. येथे फरक वीसपट आहे. दोन वर्गांची वजाबाकी केली की दोन्ही वर्ग निघून जातात आणि चुंबकाचा फ्लक्स व कॉइलचा फ्लक्स यांचा गुणाकार उरतो. म्हणून बल प्रवाहाच्या सरळ प्रमाणात येते आणि प्रवाहाची दिशा उलटली की बलाची दिशाही उलटते. साध्या सोलेनॉइडला प्रवाह कोणत्याही दिशेने दिला तरी तो ओढतच राहतो. टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये कायम चुंबक बसवला गेला तो याच कारणाने : चुंबकाशिवाय पडदा आवाजाच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा ओढला गेला असता आणि ऐकू येणारा स्वर मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेचा झाला असता. श्रवणयंत्रांतले बॅलन्स्ड आर्मेचर रिसीव्हर आजही याच तत्त्वावर चालतात.

ऊर्जेबाबत : चुंबक ऊर्जा पुरवत नाही. आर्मेचर एक पूर्ण फेरी करून मूळ जागी आले की चुंबकाने जेवढे दिले तेवढे परत घेतलेले असते. यांत्रिक काम कॉइलला जोडलेल्या विद्युतपुरवठ्यातूनच येते. चुंबकाच्या फ्लक्समध्ये आर्मेचर हलताना कॉइलमध्ये विरोधी व्होल्टेज निर्माण होते आणि त्या व्होल्टेजविरुद्ध प्रवाह ढकलताना पुरवठा ते काम करतो. चुंबक फक्त कामाचा बिंदू वर उचलून ठेवतो, म्हणजे कॉइलच्या थोड्या फ्लक्सलाही मोठा परिणाम साधता येतो.

या लाभाची किंमतही आपल्या उदाहरणातून काढावी. आर्मेचर मध्यापासून जरा ढळले की चुंबकाचा फ्लक्स जवळच्या फटीकडे अधिक वळतो आणि आर्मेचर त्याच बाजूला आणखी ओढले जाते. या उलट्या स्प्रिंगचे मूल्य वरील मापांना दर मिलिमीटरला सुमारे २३० न्यूटन येते, म्हणजे एक दशांश मिलिमीटर ढळले की २३ न्यूटन. आर्मेचर मध्यावर राहावे अशी इच्छा असेल तर याहून कडक स्प्रिंग किंवा फ्लेक्शर (वाकणारी पातळ पट्टी) हवा, नाहीतर जागेचा सेन्सर लावून सतत दुरुस्ती करणारे नियंत्रण हवे. अमेरिकेत एमआयटीमध्ये डेव्हिड ट्रंपर आणि शाओडोंग लू यांनी हिऱ्याच्या टूलने टर्निंग करण्यासाठी बनवलेल्या अतिवेगवान टूल सर्व्होमध्ये (टूल पुढेमागे हलवणाऱ्या नियंत्रित यंत्रणेत) हीच फ्लक्सची मांडणी होती. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात नियंत्रणाची बँडविड्थ, म्हणजे यंत्रणा किती जलद हुकूम पाळू शकते ती मर्यादा, २० किलोहर्ट्झच्या पुढे गेली, आणि टूलचा स्ट्रोक मात्र मायक्रॉनमध्ये मोजण्याइतका लहान होता. थोड्या अंतरात अचूक, जलद आणि प्रवाहाशी सरळ प्रमाणात राहणारे बल हवे असेल तर हायब्रिड रचना किती दूर जाऊ शकते याचे माझ्या मते हे सर्वांत सुंदर उदाहरण आहे.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये १००० अँपिअर-टर्नचा, २ मिलिमीटर स्ट्रोकचा सोलेनॉइड वर्षानुवर्षे बनतो. वीज वाचावी म्हणून गाभ्याच्या मागे ५ मिलिमीटर जाडीची निओडिमियम चकती बसवून पाहिली. आता प्लंजर चिकटतो तो सुटत नाही, आणि उलटा प्रवाह दिला तरी सुटत नाही. चुंबक फार जोरदार झाला का? (भोसरी)

उत्तर : चुंबकाचा जोर हे मूळ कारण नाही, त्याची जागा हे कारण आहे. निओडिमियम चुंबक फ्लक्स निर्माण करतो खरा, पण बाहेरून येणाऱ्या फ्लक्सला तो जवळजवळ हवेसारखाच वाटतो, कारण त्याची सापेक्ष पारगम्यता (हवेच्या तुलनेत फ्लक्सला वाट देण्याची क्षमता) अवघी १.०५ च्या आसपास असते. आपण चकती गाभ्याच्या मागे, कॉइलच्या फ्लक्सच्या ऐन वाटेत ठेवली आहे. चुंबक बसण्यापूर्वी प्लंजर चिकटला की कॉइलपुढे जवळपास फट नव्हती. आता प्लंजर पूर्ण चिकटलेला असतानाही कॉइलला सुमारे पावणेपाच मिलिमीटर हवा ओलांडावी लागते. त्यामुळे आपले १००० अँपिअर-टर्न आता पाव टेस्लाच्या थोडे पुढे जाऊ शकतात. चिकटलेल्या स्थितीत चुंबक १.२ टेस्ला देत असेल तर पूर्ण उलट्या प्रवाहानेही ०.९५ टेस्ला शिल्लक राहतात आणि धरून ठेवणारे बल साठ टक्क्यांहून अधिक उरते. प्लंजर सुटणार कसा? शिवाय उलटा फ्लक्स प्रत्येक वेळी चुंबकातूनच ढकलला जात असल्याने, कॉइल तापलेली असताना चुंबक कायमचा कमकुवत होण्याचा धोका वेगळाच.

यावर उपाय म्हणजे चुंबक कॉइलच्या वाटेतून काढून तिच्या शेजारी, समांतर वाटेत ठेवणे. कागदावर आपल्या सोलेनॉइडचा छेद काढावा आणि दोन रंगांच्या पेन्सिलींनी दोन बंद वळसे काढावेत, एक चुंबकाच्या फ्लक्सचा आणि एक कॉइलच्या फ्लक्सचा. कामाची फट दोन्ही वळशांत यायला हवी, आणि कॉइलचा वळसा संपूर्णपणे लोखंडातून व फटीतून फिरून चुंबकाला स्पर्श न करता परत आला पाहिजे. गोल रचनेत हे साधण्याची रुळलेली पद्धत अशी की चौकटीच्या मध्यावर, प्लंजरभोवती, त्रिज्येच्या दिशेने चुंबकित केलेली कडी किंवा तिच्याऐवजी चार ठोकळे बसवतात आणि कॉइल दोन्ही टोकांकडे ठेवतात. चुंबकाचा फ्लक्स मध्यातून प्लंजरमध्ये शिरून टोकांकडे वळतो. कॉइलचा फ्लक्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्लंजरमधून जातो आणि बाहेरच्या नळीतून परततो. यात वायरचे गेज किंवा वेढे बदलण्याची गरज बहुधा पडत नाही. प्लंजरच्या टोकाला दशांश मिलिमीटरची पितळी शिम लावली तर धरून ठेवणारे बल थोडे कमी होईल, पण एका नगापासून दुसऱ्या नगापर्यंत सोडण्याच्या प्रवाहात पडणारा फरक बराच आटोक्यात येईल. उत्पादन करणाऱ्यासाठी हा सौदा फायद्याचा असतो.

प्रश्न : चुंबकाची जाडी आणि क्षेत्रफळ यांचा हिशेब कसा करावा? पुरवठादार फक्त ग्रेड विचारतो. (चाकण)

उत्तर : पहिल्या उत्तरातलेच उदाहरण घेऊ. दोन्ही फटींत ०.६ टेस्ला हवेत, पोलफेस प्रत्येकी २ चौरस सेंटिमीटर, म्हणजे चुंबकाला एकूण २४० मायक्रोवेबर फ्लक्स द्यायचा आहे. आणि अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत ०.६ टेस्ला टिकवण्यासाठी सुमारे २४० अँपिअर-टर्न लागतात. १.३ टेस्ला रेमनन्सचा (चुंबकात मुळात टिकून राहणाऱ्या फ्लक्स घनतेचा) निओडिमियम चुंबक ०.८ टेस्लावर चालवायचा ठरवला तर क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर आणि जाडी अवघी ०.६३ मिलिमीटर निघते. गणित बरोबर आहे, पण असा चुंबक मी कोणालाही घ्यायला सांगणार नाही. तो ठिसूळ असतो हे एक; त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचा स्वतःचा रिलक्टन्स इतका कमी असतो की आर्मेचर हलले की एकूण फ्लक्सच बदलतो आणि बलाचे सरळ प्रमाण बिघडते. त्याऐवजी जाडी ३ मिलिमीटर घ्यावी. मग चुंबक सुमारे १.२ टेस्लावर चालतो, क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर पुरते आणि त्याचा रिलक्टन्स फटींच्या एकत्रित रिलक्टन्सच्या दहापटीहून अधिक होतो, त्यामुळे आर्मेचर कोठेही असले तरी तो जवळपास तेवढाच फ्लक्स देत राहतो. चुंबकाचा माल मात्र तिपटीहून जास्त लागतो. या हिशेबात आजूबाजूला गळणारा फ्लक्स धरलेला नाही. पहिल्या अंदाजासाठी क्षेत्रफळ वीस ते चाळीस टक्क्यांनी वाढवून घ्यावे आणि मग संगणकावर तपासावे.

पुरवठादाराला ग्रेड सांगताना आकड्यापेक्षा त्यामागचे अक्षर अधिक विचारपूर्वक निवडावे. साधा एन ग्रेड साधारण ८० अंशांपर्यंत, एच १२० पर्यंत आणि एसएच १५० पर्यंत चालतो असे उत्पादक सांगतात.

प्रश्न : ठिबक सिंचनाच्या बॅटरीवरच्या कंट्रोलरसाठी आम्ही लॅचिंग कॉइलचे व्हॉल्व्ह वापरतो. नवी बॅटरी घातली की काही व्हॉल्व्ह बंदच होत नाहीत, आणि बॅटरी थोडी उतरली की नीट चालतात. हे उलटे कसे? (जळगाव)

उत्तर : आपले निरीक्षण अगदी नेमके आहे आणि त्यामागचे कारण चुंबक व कॉइल यांच्या नात्यातच आहे. लॅचिंग व्हॉल्व्हमध्ये एका पल्सने प्लंजर ओढला जातो आणि पुढे चुंबक त्याला धरून ठेवतो. उलट्या दिशेच्या पल्सने चुंबकाचा फ्लक्स फटीपुरता रद्द होतो आणि स्प्रिंग प्लंजरला परत ढकलते. उलटा प्रवाह कमी पडला तर फ्लक्स पुरेसा रद्द होत नाही हे सहज लक्षात येते. पण तो गरजेपेक्षा जास्त झाला तर कॉइलचा फ्लक्स चुंबकाच्या फ्लक्सवर मात करून विरुद्ध दिशेने वाहू लागतो, आणि ओढ फ्लक्सच्या वर्गावर अवलंबून असल्याने तिला दिशेचे सोयरसुतक नसते. प्लंजर पुन्हा ओढला जातो. म्हणून सोडण्याच्या प्रवाहाला खालची आणि वरची अशा दोन मर्यादा असतात. ताज्या बॅटरीने कंट्रोलरमधला कपॅसिटर पूर्ण व्होल्टेजला भरला जात असेल, तर उन्हाळ्यातल्या पहाटेच्या गारव्यात, म्हणजे कॉइलचा रोध कमी असताना, प्रवाह वरची मर्यादा ओलांडू शकतो. बंद करण्याच्या वाटेत कॉइलशी एकसर छोटा रेझिस्टर जोडणे किंवा बंद करण्याची पल्स आखूड करणे हे दोन सोपे उपाय आहेत. नवी रचना करणाऱ्याने मात्र स्प्रिंग थोडी कडक आणि फट मिटल्यावर उरणारे अंतर थोडे अधिक ठेवून या दोन मर्यादांमधली जागाच रुंद करावी.

एवढी खटपट कशासाठी करायची, हे आकड्यांवरून समजते. सतत ५ वॅट घेणारी साधी कॉइल ६ तास चालू राहिली तर १०८ किलोजूल खाते. ९ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीत एकंदर १६ किलोजूलच्या आसपास ऊर्जा असते. लॅचिंग कॉइलची एक पल्स एखाद्या जूलमध्ये किंवा त्याहूनही कमी ऊर्जेत काम उरकते, म्हणून एक बॅटरी संपूर्ण हंगाम पुरू शकते आणि ती संपते तीही बहुधा कंट्रोलरच्या स्वतःच्या वापरामुळे. एक इशारा मात्र आवश्यक आहे : वीज गेली की असा व्हॉल्व्ह होता त्याच स्थितीत राहतो. पाण्याच्या पाळीत हे चालते. गॅस किंवा वाफेच्या सुरक्षा व्हॉल्व्हमध्ये चालत नाही, तेथे वीज जाताच स्प्रिंगने बंद होणारा साधा सोलेनॉइडच हवा.

प्रश्न : उष्णतेचा परिणाम चुंबकावर जास्त होतो की कॉइलवर? (सोलापूर)

उत्तर : कॉइलवर, पण दोन्ही परिणाम एकाच दिशेने होतात हे विसरू नये. तापमान २० वरून १०० अंशांवर गेले तर निओडिमियमचा फ्लक्स दर अंशाला सुमारे ०.१२ टक्के या दराने साडेनऊ टक्क्यांनी घटतो. तांब्याचा रोध ३१ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे व्होल्टेज तेच असेल तर प्रवाह ७६ टक्क्यांवर येतो. हायब्रिडचे बल या दोघांच्या गुणाकारावर अवलंबून असल्याने ते ६९ टक्क्यांच्या आसपास उरते. नुसते चुंबकाने धरून ठेवण्याचे बल वर्गाने बदलत असल्याने १८ टक्क्यांनी कमी होते. स्थिर प्रवाह देणारा ड्रायव्हर कॉइलचा वाटा भरून काढतो. चुंबकाचा वाटा भरून काढायचा असेल तर समेरियम-कोबाल्टकडे वळावे लागते; तो त्याच तापमानात सुमारे तीन टक्केच घसरतो, पण महाग आणि ठिसूळ असतो.

प्रश्न : ११ केव्हीच्या व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरमध्ये स्प्रिंगच्या यंत्रणेऐवजी चुंबकीय अ‍ॅक्च्युएटर येऊ लागले आहेत. देखभाल करणाऱ्याच्या दृष्टीने यात नेमके काय बदलते? (नाशिक)

उत्तर : या कामात रिलक्टन्स आणि कायम चुंबक यांचे जसे जमते तसे क्वचितच कोठे जमते. व्हॅक्यूम इंटरप्टरचे, म्हणजे प्रवाह तोडणाऱ्या निर्वात कुपीतले, संपर्क थोड्याच मिलिमीटरनी उघडतात. बंद होताना सुरुवातीच्या प्रवासात फारसा भार नसतो. संपर्क एकमेकांना भिडले की शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये संपर्कस्प्रिंगा दाबल्या जातात आणि भार एकदम चढतो, कारण शॉर्टसर्किटचा प्रवाह संपर्कांना दूर ढकलत असताना त्यांना दाबून धरण्यासाठी मोठे बल लागते. रिलक्टन्सचे बलही फट मिटत आली की तसेच झपाट्याने चढते. भाराचा आणि बलाचा आलेख एकाच वळणाचा असल्याने मध्ये लिव्हरांची गुंतागुंतीची साखळी लागत नाही. संपर्क बंद झाल्यावर चुंबक ते धरून ठेवतो, त्यामुळे खटका आणि त्याचा घासणारा लॅच दोन्ही जातात. १९९० च्या दशकात आलेल्या एबीबीच्या व्हीएम१ या ब्रेकरने ही रचना जगभर रूढ केली. त्यात दोन्ही टोकांना चुंबक धरून ठेवतो आणि दोन कॉइलपैकी एक बंद करते, दुसरी उघडते. दुसऱ्या प्रकारात चुंबक फक्त बंद स्थिती धरतो आणि उघडण्याचे काम आधीच ताणलेली स्प्रिंग करते.

देखभालीचे लक्ष आता वंगण आणि खटक्यांवरून कपॅसिटरवर जाते. पल्सची ऊर्जा त्यात साठवलेली असते, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने वयस्क होतो. त्याची क्षमता ठरावीक काळाने मोजली पाहिजे. हाताने उघडण्याचा दांडा चुंबकाची पकड यांत्रिक रीतीने मोडतो, तेव्हा त्याची चाचणी टाळू नये. रचनाकाराच्या बाजूने एक गोष्ट सांगावीशी वाटते : ५० हर्ट्झला साध्या लोखंडात बदलता फ्लक्स पृष्ठभागापासून सुमारे एक मिलिमीटरच आत शिरतो. चौकट भरीव लोखंडाची असेल तर भोवरा प्रवाहांमुळे (बदलत्या फ्लक्सने लोखंडातच फिरणाऱ्या प्रवाहांमुळे) फ्लक्स मागे रेंगाळतो आणि उघडण्याचा वेळ वाढतो. लॅमिनेशनची, म्हणजे पातळ पत्रे रचून केलेली, चौकट महाग पडते, पण संरक्षणाच्या कामात वाचलेल्या मिलिसेकंदांची किंमत त्याहून मोठी आहे.

प्रश्न : हे सर्व काही मिलिमीटरपुरतेच आहे का? मला ४०० मिलिमीटरचा स्ट्रोक हवा आहे. (पुणे)

उत्तर : फट मिटवून बल मिळवण्याची पद्धत खरोखरच काही मिलिमीटरपुरती आहे, कारण फट दुप्पट केली की तेवढ्याच कॉइलचे बल चौथ्या भागावर येते. लांब अंतरासाठी फट कायम ठेवून तिच्या दोन्ही बाजूंना दाते पाडतात. दाते समोरासमोर येण्याची जी ओढ असते तिचा उपयोग पुढे सरकण्यासाठी होतो. रेषीय हायब्रिड स्टेपर मोटार अशीच चालते. अमेरिकेत ब्रूस सॉयर यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या मोटारीत दात्यांचे अंतर ०.०४ इंच, म्हणजे १ मिलिमीटरच्या किंचित पुढे असे. चुंबक आणि कॉइल दोन्ही छोट्या सरकत्या भागात असतात आणि लांब पट्टी नुसती दाते पाडलेल्या लोखंडाची असते. ४०० मिलिमीटर किंवा ४ मीटर, पट्टीचा खर्च त्या मानाने थोडाच वाढतो. नेहमीच्या रेषीय सर्व्हो मोटारीत संपूर्ण पट्टीवर चुंबक चिकटवावे लागतात, तो खर्च येथे वाचतो. त्या बदल्यात पट्टीकडे होणारी लंब ओढ पुढे ढकलणाऱ्या बलाच्या कित्येक पट असते, म्हणून एअर बेअरिंग किंवा भक्कम लिनिअर गाइड अटळ असतो, आणि प्रवाह नसतानाही दात्यागणिक अडखळ जाणवते.

प्रश्न : महागडे सॉफ्टवेअर न घेता आराखडा तपासता येईल का? (कोल्हापूर)

उत्तर : येईल. डेव्हिड मीकर यांचे फेम (FEMM) हे चुंबकीय क्षेत्राचे गणित करणारे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि गोल सममितीच्या किंवा सपाट छेदाच्या रचनांना ते पुरेसे पडते. फटीच्या रुंदीत जाळीचे (गणितासाठी छेदाचे जे छोटे तुकडे पाडतात त्यांचे) किमान तीन-चार थर ठेवावेत, नाहीतर बलाचा आकडा भरवशाचा राहत नाही. मात्र चौकटीच्या चार कोपऱ्यांत चार चुंबक अशी रचना असेल तर ती द्विमितीत बसत नाही. तेथे समतुल्य क्षेत्रफळाची कडी धरून अंदाजच मिळेल.

पहिला नमुना तयार झाल्यावर लोडसेल लावून, फटीत वेगवेगळ्या जाडीच्या पितळी शिम घालून, प्रवाह दोन्ही दिशांनी चढवत व उतरवत बल मोजावे. आलेख शून्यातून न जाता एका बाजूला सरकलेला असेल तर दोन फटी असमान आहेत. चढतानाची आणि उतरतानाची रेषा दूर असेल तर लोखंड ऍनिलिंग (तापवून सावकाश थंड करणे) न केलेले आहे. आणि सगळीकडेच बल गणितापेक्षा कमी येत असेल तर लोखंडाचे जोड तपासावेत. बोल्टने आवळलेल्या दोन जोडांत प्रत्येकी ०.०५ मिलिमीटर उरले, तरी अर्ध्या मिलिमीटरच्या दोन फटींवर काम करणाऱ्या कॉइलच्या वाटेत हवा दहा टक्क्यांनी वाढलेली असते; जोडांचे पृष्ठभाग ग्राइंड करून पुन्हा मोजावे.